पेन्सिलमामा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम मागे पडलं की सुंदरपेरुमाळ कोयिल येतं. भाताची शेतं, पेरुमाळाचं देऊळ, पॅसेंजर थांबण्यापुरता फलाट. बारावीचा निकाल लागला की याच फलाटावर, काखेत फाइल आणि कानावर पेन्सिल अशा थाटात, पेन्सिलमामा भेटतात.

ते सगळ्यांचेच मामा. सरकारी नोकरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, तंजावरी मराठी. पूर्वज भोसल्यांच्या दरबारात दफ्तर सांभाळायचे, असं ते सांगतात. दरबार 1855 साली संपला. दफ्तर मामांच्या घरी अजून चालू आहे. कुणाच्या मुलाला कुंभकोणमला किंवा चेन्नईला प्रवेश मिळाला, की पेढे देवाला जायच्या आधी मार्कशीट मामांकडे जाते.

मामा पेढा खातात, पण अभिनंदन वगैरे करत नाहीत. थेट विचारतात, ‘‘आधारवर नाव काय आहे?’’

इथेच निम्मी घरं कोसळतात. तमिळनाडूच्या रीतीप्रमाणे मुलाच्या नावापुढे बापाच्या नावाचं आद्याक्षर. मराठी घर म्हणून आडनावही कुठेतरी शिल्लक असतं. मग मार्कशीटवर नुसता ‘एस’, आधारवर त्या ‘एस’चा अख्खा श्रीनिवासराव, पॅनवर आडनाव, आणि बँकेच्या खातेपुस्तकावर या तिघांपैकी कुणीच नाही. मामा चारही कागद ओळीने मांडतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, ‘‘चार मुलगे आहेत तुम्हाला. कर्ज नक्की कुणासाठी पाहिजे?’’ मग स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून देतात. तोंडपाठ आहे. नोटरीसुद्धा स्वल्पविराम मामांना विचारून टाकतो.

त्यानंतर सवलतींची पाळी. घरातल्या पहिल्या पदवीधराला तमिळनाडू सरकार व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्कात सूट देतं. त्यासाठी घरात आधी कुणी पदवीधर नाही, असा दाखला लागतो. आपल्याकडे लोक ‘बाबांचा बी.कॉम.चा एक पेपर राहिला’ हे तीस वर्षं लपवून ठेवतात. मामांना मात्र ते ऐकून भरून येतं. ‘‘राहिला ना? नक्की राहिला? मग सुटलात!’’ बापाच्या नापासाचा असा जाहीर सत्कार दुसरं कुणी करत नसेल. मुलगी सरकारी शाळेत सहावीपासून बारावीपर्यंत शिकलेली असेल, तर पुदुमै पेण योजनेचे महिन्याला 1000 रुपये. 2022 पासून आहेत. मुलगा असेल तर तमिळ पुदल्वन. नामदेव समाजाचं घर असेल तर राज्याच्या मागासवर्गीय यादीत त्यांची नोंद आहे, हे घरच्यांच्या आधी मामांना माहीत. गावातल्या प्रत्येक घराचं उत्पन्न मामांना ठाऊक असतं, आणि दाखल्यावर ते किती असावं हेही.

कर्जाचा अर्ज हे मात्र त्यांचं खरं कार्यक्षेत्र. विद्यालक्ष्मी पोर्टलवर एका अर्जात तीन बँका निवडता येतात. त्या तीन कुठल्या, हे ठरवायला मामा तिथीनक्षत्र सोडून बाकी सगळं बघतात: कुठल्या शाखेतला मॅनेजर नवा आहे, कुणाची बदली जवळ आली आहे, कुणाची मुलगी स्वतःच कर्ज काढून शिकते आहे. 4 लाखांपर्यंत मार्जिन नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण नाही, कोर्स अधिक एक वर्ष मोरेटोरियम म्हणजे हप्ता नाही, मग फेडायला पंधरा वर्षं. ही आकडेवारी मामा संध्येच्या चालीवर म्हणतात.

विषय रंगला की रामानुजन येतोच. कुंभकोणमचं सरकारी कॉलेज, साल 1904. पोराला शिष्यवृत्ती मिळाली आणि गणिताशिवाय दुसऱ्या कशाकडे बघेना म्हणून पुढच्या वर्षी गेली. 1904च्याच ऑक्टोबरात गावात कुंभकोणम बँक निघाली, आजची सिटी युनियन बँक. ‘‘वर्षभरात शिष्यवृत्ती गेली आणि बँक आली. मध्ये फक्त अर्ज लिहून देणारा माणूस नव्हता,’’ मामा हळहळतात. मद्रास विद्यापीठाने महिना 75 रुपये लावून दिले ते 1913 साली. मधली वर्षं फुकट गेली, असं त्यांचं ठाम मत आहे. रामानुजनने गणितज्ञ हार्डीला धाडलेल्या पत्रासोबत बोनाफाईड जोडलं नव्हतं, हेही त्यांना खटकतं.

आता पेन्सिलीबद्दल. मामा सगळा अर्ज पेन्सिलीने भरतात, हलक्या हाताने, एकेका चौकटीत एकेक अक्षर. मुलाने त्यावरून शाई फिरवायची. स्वतः शाईला हात लावत नाहीत. सहकर्जदार म्हणून सही लागते तिथे बाप असतो. पण बाप दुबईत असला, किंवा बापाचं सिबिल बापासारखंच फटकळ असलं, तर सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळतात. तेवढ्यात मामांना आठवतं, की आपली पॅसेंजर येण्याची वेळ झाली. ती गाडी दिवसाच्या कुठल्याही वेळी येऊ शकते. शेकडो घरांच्या कर्जात या माणसाचा हात आहे, पण एकाही कागदावर त्याचा पुरावा नाही.

फेडीबद्दल विचारलं की मामा अचानक तत्त्वज्ञ होतात. ‘‘आधी शीक. व्याजाचं पुढे बघू. मोरेटोरियममध्ये व्याज भरणं ऐच्छिक असतं.’’ घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स योजनेत बसत असेल, तर त्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. तिथे मामांचं म्हणणं बरोबर. त्याच्या वरच्यांना दर वर्षी 1 लाख उचलून चार वर्षांत 4 लाख झाले, की दहा टक्के सरळ व्याजाने पहिल्या हप्त्याच्या दिवशी 5 लाख 40 हजार दिसतात. तोपर्यंत मुलगा बंगळुरूला असतो आणि मामांचा फोन देवळात असल्यामुळे बंद असतो.

मग मामांच्या धाकट्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला.

पेन्शनमुळे व्याजसवलत बसेना. सहकर्जदार वडीलच, पर्याय नाही. बँकेत नव्या मॅनेजरबाईंनी अर्ज पुढे सरकवला. मामांनी कानावरची पेन्सिल काढली. बाईंनी पेन दिलं. मामा म्हणाले, माझ्या पॅनवरचं आद्याक्षर आधारशी जुळत नाही. बाईंनी खणातून एक प्रतिज्ञापत्राचा नमुना काढला. ‘‘इथले सगळे हाच आणतात, सार. फार छान लिहिलाय कुणीतरी.’’ मामांनी तो तीनदा वाचला. एकही चूक सापडली नाही. गाडीची वेळ झाली म्हणाले. मुलीने मोबाइल पुढे धरला. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती.

सही झाली. थोडी थरथरली, पण आधारशी जुळली.

घरी येईपर्यंत मामांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला होता, तोही पेनाने. उंबरठ्यातच मुलीला बजावलं, ‘‘हे बघ, मोरेटोरियम वगैरे बँकेच्या गप्पा असतात. व्याज या महिन्यापासून भरायचं. तुझ्या खर्चातून शंभर-दोनशे कापून का होईना.’’

मुलगी चपला काढत म्हणाली, ‘‘अप्पा, ते ऐच्छिक असतं. अख्ख्या गावाला विचारा.’’