विकासाचे 27 महिने

ऑगस्ट 1961मध्ये अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक घानात उतरले. तेव्हापासून सुरू असलेल्या या सेवाकार्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. 3 महिने प्रशिक्षण, 2 वर्षे सेवा. नुकताच पदवीधर झालेला तरुण खेड्यात येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या मका-कसावा पिकवणाऱ्यांना मार्गदर्शन करण्यास सिद्ध होतो. गावही तत्काळ कामाला लागते. पाहुण्याला बादलीभर पाण्यात अंघोळ शिकवायची, डाव्या हाताने जेवू नये हे समजवायचे, फुफू हा कसाव्याचा मऊ गोळा चावायचा नसून गिळायचा असतो हे बिंबवायचे. जन्म शुक्रवारचा निघाला, तर तिथल्या रीतीने वारावरून ‘कोफी’ म्हणून बारसेही उरकायचे. एवढ्या खटाटोपानंतर गाव सक्षम होणारच!

हाच न्याय पुढे नेऊन घानातल्या अनुभवी शेतकरी आजींना 2 वर्षे अमेरिकेतल्या आयोवात पाठवावे, अशी आमची नम्र सूचना आहे. तिथल्या मक्याला मार्गदर्शन लाभेल, यजमान कुटुंब आजींना डिशवॉशर लावायला शिकवेल आणि आयोवाचा विकास होईल.

इच्छुक आजींनी व्हिसाच्या मुलाखतीला जमिनीचे कागद आणि बँकेचे पासबुक न विसरता न्यावे. आपण मायदेशी नक्की परतणार आहोत, हे आधी साहेबांना पटवून द्यावे लागते.