हिरव्या बटणापलीकडची जावा

जावा शिकवणाऱ्या कॉलेजांनो आणि क्लासचालकांनो, मुलांना फक्त विंडोजवर जावा शिकवणं थांबवा. एक्लिप्स उघडायचं, हिरवं बटण दाबायचं, खाली उत्तर आलं की प्रॅक्टिकल संपलं. एवढ्यावर पुण्यात डेक्कनपासून हिंजवडीपर्यंत ‘फुल स्टॅक जावा’च्या पाट्या लागल्या आहेत. त्या पाटीखाली फी भरणाऱ्या मुलाला नोकरीत पहिल्याच आठवड्यात काळा टर्मिनल मिळतो, पलीकडे लिनक्सचा सर्व्हर असतो, आणि बटण कुठंच नसतं.

‘एकदा लिहा, कुठंही चालवा’ ही सन मायक्रोसिस्टिम्सची १९९५ची घोषणा. बाइटकोडपुरती ती आजही खरी आहे. पुण्यात बांधलेली जार फाइल तितकीच किंवा त्याहून नवी जावा असलेल्या कुठल्याही सर्व्हरवर तशीच चालते. पण प्रोग्रॅम काही एकटा राहत नाही. त्याला फाइली लागतात, मेमरी लागते, भाषेची सेटिंग लागते, आणि हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात असतं. विंडोजवर फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं की लहान यानं सहसा काही बिघडत नाही. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली आहेत. विंडोजवर लिहिलेल्या शेल स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला बहुधा एक न दिसणारं जादा अक्षर असतं. पहिल्या ओळीतलं ते अक्षर लिनक्स इंटरप्रिटरच्या नावातच धरतो आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून परत पाठवतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते! यात पोराचा दिवस जातो, आणि हे शिकवायला तुम्हाला दहा मिनिटं पुरली असती.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते मराठी नावांचं. जावाच्या पोटात अक्षरं युनिकोडमध्येच असतात, तिथं देवनागरीला काही धोका नाही. धोका फाइलीत लिहिताना येतो. जावा १८च्या आधी, एन्कोडिंग सांगितलं नसेल तर जावा ते सहसा ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून ठरवायची. डॉकरच्या लहानशा कंटेनरमध्ये भाषेची सेटिंग अनेकदा कोरीच असते. मग जावा १२८ चिन्हांची जुनी आस्की धरते, आणि त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. ‘श्रीकृष्ण’ फाइलीत लिहायला गेलात तर नऊ प्रश्नचिन्हं उमटतात, कारण त्या नावात युनिकोडचे नऊ घटक आहेत. कुठला एरर येत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही. आणि ती प्रश्नचिन्हं पुन्हा नावात बदलता येत नाहीत. मूळ नोंद दुसरीकडे नसेल तर माणसाचं नाव गेलं ते गेलंच.

लॅपटॉपवर हे दिसलं नव्हतं, कारण इंटेलिजेसारखं आयडीई प्रोग्रॅम चालवताना यूटीएफ-८चा पर्याय स्वतःच जोडून देतं. मार्च २०२२मध्ये आलेल्या जावा १८पासून यूटीएफ-८ हाच मूळ पर्याय झाला, उशिरा का होईना. तरी जावा ८वर चालणाऱ्या जुन्या प्रणाली अजून भरपूर आहेत. नव्या जावातही सिस्टिम डॉट आउट अजून लोकेलकडेच पाहते, म्हणजे लॉगमध्ये प्रश्नचिन्हं येऊ शकतात. रेशनकार्डापासून गुणपत्रिकेपर्यंत मराठी नावं संगणकात जाणाऱ्या राज्यात हे पहिल्या सत्रात शिकवायला हवं. कुणाचं नाव पुसलं जाणं ही मला किरकोळ तांत्रिक चूक वाटत नाही.

मेमरीचंही तसंच. वेगळं सांगितलं नाही, तर जेव्हीएम साधारण उपलब्ध मेमरीच्या पाव भागापर्यंत हीप वाढू देते. जुन्या जावाला कंटेनरची मर्यादा दिसायचीच नाही. यंत्र ६४ जीबीचं, कंटेनरला दिलेली मेमरी १ जीबी, आणि जावाच्या मनात १६! मग कर्नल प्रोसेस ठार करतो आणि मागे १३७ हा एक्झिट कोड राहतो. मुलगा लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधत बसतो, पण कर्नलनं जावाला ते लिहायला वेळच दिलेला नसतो. जावा १०मध्ये हे सुधारलं, ऑक्टोबर २०१८मध्ये जावा ८मध्येही ती सुधारणा आली. तरीही हीपबाहेर थ्रेड आणि मेटास्पेस मेमरी खातातच, त्यामुळे १३७ आजही भेटतो.

खर्चाची सबब तर सांगूच नका. सननं नोव्हेंबर २००६मध्ये जावा जीपीएलखाली खुली करायचं जाहीर केलं. त्याआधी लिनक्सवाल्यांनी ब्लॅकडाउन, काफे, जीएनयू क्लासपाथ असे प्रकल्प स्वतःच्या कष्टानं उभे केले होते. आज डेबियन किंवा उबुंटूवर एका आज्ञेत ओपनजेडीके बसतं, फुकट. उलट सवयीनं ओरॅकलच्या साइटवरून जेडीके उतरवणाऱ्या छोट्या कंपन्यांनी परवाना नीट वाचावा: जानेवारी २०२३पासूनच्या त्यांच्या वर्गणीत जावा वापरणारी माणसं मोजत नाहीत, सगळे कर्मचारी मोजतात. पाच प्रोग्रॅमर आणि हिशेबनीसासकट पाचशे माणसं असतील, तर आकडा पाचशेचा. हा फरकसुद्धा अभ्यासक्रमात हवा.

आणि यंत्रं? विंडोज १०चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. लॅबमधल्या अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसतच नाही. त्यांवर लिनक्स टाका. मुलाच्या लॅपटॉपवर विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल आहे, आणि ते खुद्द मायक्रोसॉफ्टनं २०१६मध्ये आणलं.

आयडीई काढून घ्या असं मी म्हणत नाही. मोठा कोड वाचायला, बदलायला ते उत्तम साधन आहे. पण आधी मुलाला हातानं जावासी चालवू द्या, क्लासपाथ चुकू द्या, परवानगी नसलेल्या फाइलवर अडकू द्या, मेव्हन टर्मिनलवरून चालवू द्या. सिस्टिमडीची एक छोटी सर्व्हिस फाइल त्यानं स्वतः लिहावी, यंत्र बंद करून चालू करावं आणि आपला प्रोग्रॅम पुन्हा उभा राहिलेला पाहावा. हे एकदा केलेलं पोर मुलाखतीत पाठ केलेली उत्तरं देत नाही.

पुढच्या सत्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत हा प्रश्न घाला: वर्गातल्या सगळ्यांची नावं मराठीत लिहिलेली एक फाइल द्या. भाषेची सेटिंग नसलेल्या कंटेनरमध्ये, एन्कोडिंग न सांगता, ती जावा ८ आणि जावा २१ दोन्हींनी वाचून दुसऱ्या फाइलीत उतरवायला सांगा. दोन्हींत काय फरक पडला, का पडला, आणि जावा ८वरही प्रत्येकाचं नाव शाबूत राहायला कोडमध्ये काय बदलाल, ते लिहायला लावा. वीस गुण.