तिळगूळ आणि इतर अडचणी

शुभेच्छा द्यायला पूर्वी फार अक्कल लागत नसे. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला आपट्याचं पान. हातावर काहीतरी ठेवायचं, ठरलेलं वाक्य म्हणायचं, मोठ्यांच्या पाया पडायचं आणि पुढच्या घरी जायचं. आपल्याकडच्या शुभेच्छा तशा रिकाम्या हाताने देताच येत नसत. त्या ऑफिसच्या ग्रुपवर गेल्या, हात मोकळे झाले आणि तेव्हापासून तोंडाची पंचाईत सुरू झाली.

हिंजवडीतल्या आमच्या मजल्यावर वर्ष कितीदा सुरू होतं, ते एखाद्या दाते पंचांगवाल्यानेच सांगावं. जानेवारीतलं सगळ्यांचं. मग पाडवा, त्याच दिवशी तेलुगू आणि कानडी मंडळींचा उगादी, काश्मिरी सहकाऱ्याचं नवरेह, आणि लगेच मागोमाग सिंधींचा चेटीचंड. एप्रिलच्या मध्यावर तमिळ, बंगाली आणि पंजाबी नववर्षं एकमेकांच्या पायात पाय घालत येतात. दिवाळीत गुजराती साहेब 'साल मुबारक' म्हणतात, तेव्हा आपलं वर्ष अजून निम्मंच झालेलं असतं. शिवजयंतीला तर बाहेरचे लोक हळूच विचारतात, 19 फेब्रुवारीची पाठवू की तिथीची? शहाणा माणूस दोन्ही पाठवतो.

यात पथ्यंही पुष्कळ. गुड फ्रायडेला 'हॅपी' लावायचं नाही. मोहरमला शिया मित्राला शुभेच्छाच द्यायच्या नाहीत. ईदचा निरोप लिहून, चंद्र दिसल्याची खात्री होईपर्यंत बटणावर अंगठा धरून बसलेला माणूस मला दुर्बीण हरवलेल्या ज्योतिर्विदासारखा दिसतो. पर्युषण संपलं तेव्हा एका जैन मैत्रिणीने 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत वर्षभराच्या चुकांची क्षमा मागितली, तर शेजारचा घाईघाईने 'सेम टू यू' म्हणाला. सगळे हसले. नीट पाहिलं तर उत्तर अगदी बरोबर होतं.

अशी ही मंडळी एका संक्रांतीला राजगडावर निघाली. गुंजवण्यात गाडी लावली तेव्हा गडाच्या डोक्यावर धुकं होतं आणि फोनला रेंज नव्हती, म्हणजे सकाळपासूनच्या शुभेच्छा खिशातच अडकलेल्या. मदुराईच्या मुलाचा पोंगल, गुवाहाटीवालीचा बिहू, अमृतसरवाल्याची आदल्या रात्रीची लोहडी. लखनौच्या गृहस्थांकडे तर या सणाचं नावच खिचडी; त्यांना 'हॅपी खिचडी' म्हणताना कुणाचाही चेहरा सरळ राहत नव्हता. एकच सूर्य मकरेत शिरतो, त्याच्या स्वागताला देशभर तीळ, गूळ आणि नवा तांदूळ चुलीवर चढतो, आणि आम्ही मात्र कुणाला काय म्हणायचं याचे तक्ते करत बसलेले.

चोरदरवाजाच्या वाटेवर उतरणारे लोक 'जय शिवराय' म्हणत होते. कातळाचा टप्पा आला, लोखंडी रेलिंग धरून मदुराईकर वर सरकू लागला आणि दर माणसाला धापा टाकत तेच परत देऊ लागला. पद्मावती माचीवर पोचेपर्यंत त्याचे उच्चार आमच्यापेक्षा खणखणीत झाले होते. तिथे कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. दम किती लागला एवढंच पाहतात.

उतरल्यावर गावातल्या एका मावशींकडे पिठलं-भाकरी ठरलेली होती. सारवलेल्या ओसरीवर आम्ही ओळीने बसलो. मावशींनी परात बाजूला सारली, पीठ लागलेला हात पदराला पुसला आणि स्टीलच्या डब्यातून प्रत्येकाच्या तळव्यावर तिळाचा लाडू ठेवत गेल्या. कोण कुठला, कुठल्या धर्माचा, काही चौकशी नाही. "घ्या, गोड बोला." लाडू घरचा, चिक्कीच्या गुळाचा, दाताशी भांडणारा. गुवाहाटीवाली म्हणाली, आमच्याकडच्या तिळाच्या लाडवाची हीच चव. लखनौकर डोळे मिटून चघळत राहिले.

मदुराईकर मात्र लाडू हातातच धरून अवघडला होता. मला कोपराने ढोसून त्याने विचारलं, यावर उलट काय म्हणायचं असतं? मी सांगणार तेवढ्यात मावशींनीच त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"काय नको म्हनू लेकरा," त्या तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकत म्हणाल्या, "आधी जेव. गरम हाये तवर."