वॉटवाले नाना

नाना कुणाकडे गेले की यजमानांच्या आधी त्यांच्या स्पीकरला भेटतात. चपला काढतात, "बसतो हं" म्हणतात आणि बसायचं सोडून ओणवे होतात. चष्मा कपाळावर सरकवून ते स्पीकरच्या पाठीवरची पट्टी वाचू लागतात, त्यामुळे पाणी घेऊन आलेल्या माणसाला नानांचीही पाठच दिसते. मग कोपऱ्यातून आवाज येतो, "८ ओहम, ८६ डेसिबल. अ‍ॅम्प्लिफायर केवढा लावलाय?" "तीस वॉट" असं उत्तर आलं, की नाना मान वळवून यजमानांकडे असे बघतात, जणू यांनी घरच्या म्हाताऱ्यांना उपाशी ठेवलंय.

घरचा पंखा बंद पडला तर नाना वायरमनला फोन करतात. पण अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांची सोयरीक जुळवायची असली, की त्यांना आमंत्रण लागत नाही. "स्पीकर मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने मरत नाही, छोट्याने मरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. छोटा अ‍ॅम्प्लिफायर ताकदीबाहेर ओढला की ध्वनिलहरींचे माथे सपाट छाटले जातात. त्यातून नको ती वरच्या पट्टीची कंपनं निघतात, ती स्पीकरमधल्या बारीक आवाजाच्या ट्वीटरकडे जातात आणि त्याची केसासारखी तार करपते. हे खरंच आहे. बेफाम आवाज सोडला तर मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरनेही स्पीकर जळतो, हेही खरं. पण तेवढं वाक्य नाना कप तोंडाला लावून म्हणतात.

नव्वदच्या दशकातल्या टू-इन-वनवर त्यांचा विशेष राग. पुढे चकचकीत स्टिकर : १००० वॉट पीएमपीओ. नानांनी एका भाच्याच्या घरी तसला डबा उलटा करून मागची पट्टी मोठ्याने वाचली होती : वीजवापर ४० वॉट. "आत चाळीस घेतो आणि बाहेर हजार देतो! अरे, एमएसईबीला दाखवा हा, कोयनेचं धरण कशाला हवं होतं?" अमेरिकेच्या सरकारने १९७४ मध्येच असल्या फुगवलेल्या वॉटांना नियमाचा चाप लावला, हे ते पुढे सांगतात, पण तोवर भाचा स्वयंपाकघरात गेलेला असतो.

खुद्द नानांकडे दर चॅनेलला २०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. दोन हातांनी उचलत नाही असला. तो दहा बाय बाराच्या खोलीत राहतो, आणि खालच्या मजल्यावर कुलकर्णीकाकू राहतात. काकूंनी पहिल्याच आठवड्यात लाटण्याने छत ठोठावलं, तेव्हा वहिनींनी अ‍ॅम्प्लिफायरवर आवाजाच्या बटणाशेजारी एक लाल टिकली चिकटवली. घड्याळात आठ वाजता लहान काटा असतो, तिथे. "अहो, टिकलीच्या पुढे नाही हं," एवढंच म्हणाल्या.

नानांनी एकदा काट्याचा जुना मल्टिमीटर लावून टिकलीवरची ताकद मोजली. काटा सव्वा व्होल्टच्या खालीच घुटमळत होता. वर्ग करा, ओहमने भागा : ०.१८ वॉट. बाकीचे एकशे नव्व्याण्णव आणि काही पैसे वॉट गेली कित्येक वर्षं नुसते उभे आहेत.

मी हे म्हणालो तेव्हा नाना हसले. मी असं म्हणणार हे त्यांना ठाऊकच होतं. "सरासरी पाव वॉटही नाही, कबूल. पण तबल्याची थाप? ती सरासरीच्या वर २० डेसिबल उडी मारते. ३ डेसिबलला ताकद दुप्पट, १० ला दहापट, २० ला शंभरपट! त्या क्षणासाठी जागा लागते. तिला हेडरूम म्हणतात." गणित चोख होतं. नानांचं गणित चोखच असतं, हीच खरी अडचण आहे. मात्र शंभरपट धरूनही हिशेब अठरा वॉटवर थांबत होता. तेवढ्यावरून मी तोंड उघडणार, तोच त्यांनी १९४६ च्या क्लिप्शहॉर्न स्पीकरचा विषय काढला. एका वॉटला शंभराच्या पुढे डेसिबल! आणि बीबीसीचा तो छोटा एलएस३/५ए, जेमतेम ८३. म्हणजे त्याला तेवढ्याच आवाजासाठी निदान पन्नासपट वॉट. मग दर्दभऱ्या आवाजात, "स्पीकर छोटा म्हणून खुराक छोटा, असं नसतं रे."

यंदा कुलकर्णीकाकू सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यूजर्सीला गेल्या. वहिनी स्वतःहून म्हणाल्या, "थोडं मोठ्याने लावा हवं तर," आणि नखाने टिकली सोडवून दोन बोटं पुढे चिकटवली. आवाज दुपटीने वाढला. कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. नानांनी वहीत मांडलं : सरासरी १.८ वॉट. तबल्याच्या थापेला शंभरपट, म्हणजे १८० वॉट. दोनशेपैकी उरले फक्त वीस.

संध्याकाळी मी गेलो तर नाना दारातच भेटले, हातात कापडी पिशवी. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात निघाले होते, तीनशेचा बघायला.