आपल्या स्पर्धेत कोणी हरतच नाही!

प्रति,
माननीय संस्थापक-अध्यक्ष, मुख्य आयोजक व मुख्य परीक्षक (तिन्ही आपणच),
आंतरराष्ट्रीय ऑनलाइन डिजिटल चित्रकला स्पर्धा,
मुक्काम व्हॉट्सअ‍ॅप.

स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं मनापासून अभिनंदन. चित्रं पाठवायची मुदत रविवारी रात्री बारापर्यंत होती आणि सोमवारी सकाळी चहाला उकळी यायच्या आत निकाल ग्रुपवर हजर! आमच्याकडे शाळेच्या वार्षिक स्पर्धेतली चित्रं वर्गभर पसरून बघायची तर अख्खी दुपार जाते, तरी दोन शिक्षकांचं एकमत होत नाही. आपल्यात मात्र मतभेदाला वावच नाही. एकट्या माणसाचं एकमत चटकन होतं.

निकाल तर डोळे दिपवणारा. मेहरूणमधल्या माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या ज्या ज्या पोराने फी भरली, त्या त्या पोराला बक्षीस. कोणी ‘सुवर्ण तूलिका’, कोणी ‘बालकलारत्न’, कोणी ‘डिजिटल चित्रसम्राट’. एकाचं तर चित्र अपलोडच झालं नव्हतं. नेट गेलं, फक्त यूपीआयवरून पैसे गेले. त्यालाही ‘उत्कृष्ट रंगसंगती’. न दिसणाऱ्या चित्रातली रंगसंगती ओळखणारा परीक्षक अजिंठ्याच्या लेण्यांनाही लाभला नसेल.

एक पालक मला शाळेच्या फाटकापाशीच गाठून म्हणाले, “सर, पोरीले इंटरनॅशनल भेटलं!” मी म्हटलं, वा, कोणत्या चित्राला? त्यांना सांगता येईना. त्यांचा काय दोष? प्रमाणपत्रावर चित्राचा उल्लेखच नाही. सोनेरी किनार आहे, मधोमध पृथ्वीचा गोल आहे, संस्थापक म्हणून आपली एक सही आहे आणि परीक्षक म्हणून तीच सही पुन्हा, थोडी तिरकी करून. मुलीचं नाव वेगळ्या फाँटमध्ये, ठिपक्यांच्या ओळीवर जरासं तरंगतंय. फी 99 रुपये. छापील प्रत हवी तर 149. ट्रॉफी हवी तर 499, कुरिअर वेगळं. बक्षीस विजेत्याने विकत घ्यायचं, ही कल्पना इतके दिवस कोणाला सुचली कशी नाही?

आता त्या मुलीच्या चित्राबद्दल थोडं सांगतो, कारण आपण ते बघितलेलं नाही. मुलगी सातवीत आहे. टॅब नाही, पेन नाही. आईचा फोन आणि त्यावर फुकटचं आयबिस पेंट. काढते बोटाने. स्क्रीनगार्ड उजव्या कोपऱ्यात तडकलंय, तिथे रेघ तुटते; म्हणून त्या बाजूचं काही काढायचं झालं की ती अख्खा कॅनव्हास फिरवून घेते. तिने काढलं होतं अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळचं मेहरूण तलावाचं पाणी. गणपती नाही, गर्दी नाही, नुसतं पाणी आणि त्यात हलणारे दिवे. पाणी एका लेयरवर, दिवे दुसऱ्यावर, आणि दिव्यांचा लेयर फिकट करत करत तिने त्यांना बुडवलंय. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.

त्या चित्राला ‘बालकलारत्न’ मिळालं आणि तेव्हापासून ती काही काढायच्या आधी विचारते, “सर, थीम काय आहे? कशाला नंबर येतो?”

म्हणून आपल्याला एक जुनी हकिगत ऐकवावीशी वाटते. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं तीन ते पाच वर्षांची, हातात रंगीत मार्कर, आणि सगळी आपणहून चित्रं काढण्यात रमणारी. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं, अगदी आपल्यासारखंच, फक्त पृथ्वीचा गोल नव्हता. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मार्कर समोर ठेवले, तेव्हा आधी कबूल केलेल्या प्रमाणपत्रासाठी चित्र काढणारी मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना प्रमाणपत्र अवचित मिळालं, त्यांची गोडी मात्र तशीच राहिली.

म्हणजे खोट कागदात नव्हती, सौद्यात होती. त्या शास्त्रज्ञांना हे सिद्ध करायला एक बालवाडी पुरली. आपण जिल्हे हाताळता.

मी बक्षिसांच्या विरोधात आहे, असा सोयीचा समज करून घेऊ नका. आमच्या जिल्ह्यात चाळीसगावला केकी मूस होऊन गेले. जवळजवळ 50 वर्षं क्वचितच घराबाहेर पडलेला माणूस. घरातल्याच टेबलावर छोटी छोटी दृश्यं मांडून त्यांची छायाचित्रं काढायचा, आणि त्या घरात बसून त्याने देशविदेशांतली सुमारे 300 बक्षिसं मिळवली. 1989 साली ते गेले. त्यांच्या काळात यूपीआय नव्हतं, म्हणून आपली त्यांची गाठ पडली नाही, नाहीतर 301वं नक्की होतं.

स्पर्धा कशी असते ते बघायला लांब जायचीही गरज नाही. खिशातली 500 ची नोट काढा. तिच्यावर रुपयाचं चिन्ह आहे ना? ते स्पर्धेतून आलं. केंद्र सरकारने स्पर्धा घेतली, अंतिम फेरीतल्या पाच जणांना प्रत्येकी 25 हजार दिले आणि 2010 साली आयआयटी मुंबईत संशोधन करणाऱ्या डी. उदय कुमार यांना 2.5 लाख. आता नोट उलटी करा. मागे गांधीजींचा चष्मा आहे, एका काचेवर ‘स्वच्छ’, दुसरीवर ‘भारत’. तोही 2014 च्या ऑनलाइन स्पर्धेतून आला आणि काढणारे आमचे कोल्हापूरचे अनंत खासबारदार. त्यांना 50 हजार मिळाले. देशाच्या नोटेवर जाणाऱ्या चित्राला 50 हजार फार झाले असं मी म्हणणार नाही. पण पैसे कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेले, तेवढं लक्षात घ्या. आपल्याकडे प्रवास उलटा आहे.

आपला पहिला क्रमांक (हो, सगळेच विजेते असले तरी त्यांतही एक पहिला आहे) मी मोठा करून पाहिला. ‘आजी आणि नात’. आजीच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत आणि नऊवारीचा काठ गुडघ्याजवळ येऊन धुरात विरतो. कोणत्या यंत्राने काढलं हे माझ्या आठवीतल्या पोरांनी चहा प्यायच्या वेळात सांगितलं. 2022 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोच्या जत्रेतल्या स्पर्धेत जेसन अ‍ॅलन यांच्या अशाच चित्राला पहिलं बक्षीस आणि 300 डॉलर मिळाले, त्यावरून केवढं रान उठलं. पण त्यांनी प्रवेश देतानाच स्वतःच्या नावापुढे मिडजर्नी या एआय यंत्राचं नाव लिहिलं होतं. पुढच्या वर्षी जर्मनीच्या बोरिस एल्डागसेन यांनी तर सोनी छायाचित्र स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं. चित्र यंत्राचं आहे आणि परीक्षकांची तयारी बघायची होती, असं सांगून. आपल्या परीक्षकांची तयारी बघायला इतकं करावं लागत नाही. मेहरूणची बोरं विकणारी बाईसुद्धा टोपलीतलं किडकं बोर बाजूला काढते.

आमचं सरकारही धुतल्या तांदळाचं नाही, हे कबूल. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना निम्मी पोरं दहावीच्या जादा गुणांसाठीच बसतात. इंटरमिजिएटला ए श्रेणी आली की 7, बी ला 5, सी ला 3. पण तिथे निदान वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर असतात, आणि नापासही होता येतं. सी आल्यावर माझ्याकडे येऊन “सर, माझ्या तांब्याची कड कुठे चुकली?” असं विचारणारी मुलं मी पाहिली आहेत. ‘बालकलारत्न’ काय विचारणार?

आता कामाचं. आपल्या नियमावलीत अकराव्या क्रमांकावर, बारीक टाइपात लिहिलंय: ‘पाठवलेल्या सर्व चित्रांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे राहतील.’ वा! 99 रुपये घेऊन चित्रही ठेवून घ्यायचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 आपण वाचलं नसावं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीने द्यावे लागतात, मोबदला काय तेही त्यात लिहावं लागतं. आणि मुलगी आहे बारा वर्षांची. 1872 च्या करार कायद्यानुसार तिला करारच करता येत नाही. त्यातही कॉपीराइट कायद्याचं कलम 57 म्हणतं की हक्क विकले तरी ‘हे चित्र माझं आहे’ असं सांगायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

हे कलम सांगायचं कारण म्हणजे आपल्या पुढच्या स्पर्धेची जाहिरात. पार्श्वभूमीला तोच तलाव आहे, तेच बुडणारे दिवे. मुलीने खाली डाव्या कोपऱ्यात इवलीशी सही केली होती, तिच्यावर आता आपला लोगो बसलाय. तिने ती जाहिरात वर्गात मला दाखवली आणि विचारलं, “सर, हे चांगलं ना?” चांगलंच म्हणायचं. ‘बालकलारत्न’पेक्षा हे जास्त खरं परीक्षण आहे, हजार चित्रांतून आपल्याला जाहिरातीला तेच सापडलं. म्हणजे चित्र कळतं आपल्याला. फक्त निकालाच्या वेळी नाही.

तर माझ्या मागण्या साध्या आहेत. पुढच्या स्पर्धेच्या आधी परीक्षकांची नावं जाहीर करा, आपलं सोडून आणखी एखादं तरी असू द्या. प्रमाणपत्र दिलंच तर खाली चित्राबद्दल दोन ओळी लिहा. वाईट लिहा, पण लिहा. अकरावा नियम काढून टाका. आणि त्या जाहिरातीवर मुलीचं नाव आठ दिवसांत छापा, नाहीतर तिच्या पालकांना घेऊन मी पोलीस ठाण्यात जाणार आहे. नाव कसं लिहायचं ते वेगळ्या कागदावर पाठवलं आहे, कारण प्रमाणपत्रावर आपण ते चुकवलं होतं.

कळावे,
एक चित्रकला शिक्षक
मेहरूण, जळगाव