राणीछाप खापरपणजी

पुतण्याला जात पडताळणीसाठी पुरावा हवा होता, म्हणून आम्ही कोतवाल बुकाच्या मागे लागलो. कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची वही, गाव नमुना नंबर 14. पानं मोडीत. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी भिंग लावलं, नाक पानाला टेकवलं आणि वाचलं, ‘अमुक वल्द तमुक यास मुलगा.’

पुतण्याचं काम झालं. मी मात्र अडकलो. त्या नोंदीवरून पाहता बाळंत खापरपणजोबाच झाले होते! खापरपणजीचा पत्ताच नाही. वंशावळ काढली, तर तिच्यात एकही बाई नाही. सहा पिढ्या आमच्याकडे पुरुषांनाच पुरुष झालेले.

धुळ्याच्या माणसाला अशा वेळी राजवाडे आठवतात. इतिहासाचार्यांनी गावोगावचे माळे पालथे घालून दप्तरं गोळा केली. 1926 साली ते इथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मीही माळ्यावर चढलो. दप्तर नव्हतं, एक पितळी हंडा होता, अस्सल सोनगीरचा. त्यावर नाव ठोकलेलं होतं, खापरपणजोबांचं! हंडा दिला माहेरच्यांनी, डोक्यावर वाहिला तिने, नाव जावयाचं.

शेवटी आत्याकडे गेलो.

“तिनं नाव काय व्हतं?”

“सोनगीरवाली.”

“ते माहेर झालं. नाव?”

“नाव लेवाले कोनले येळ व्हता, भाऊ?”

सालाचं विचारलं, तर म्हणाली, छप्पनना दुकायमा ती व्हती. म्हणजे संवत 1956, इसवी सन 1899-1900. तेव्हा धुळं-जळगाव मिळून एकच खानदेश जिल्हा होता. 1906 साली भावाभावांसारखी वाटणी झाली. त्याच खानदेशात, असोद्याला, 1880 साली बहिणाबाई जन्मली. तिलाही अक्षरओळख नव्हती, पण तिच्या ओव्या उतरवून घेणारा सोपानदेव तिच्या पोटी आला. आमच्या सोनगीरवालीला मुलगा झाला तो नमुना नंबर 14 पुरता.

आत्याने पेटीतून फडकं काढलं, गाठ सोडली आणि एक रुपया हातावर ठेवला. “हाऊ तिना.” राणीछाप चांदी! एका बाजूला मुकुटवाली बाई, तिच्याभोवती नाव. आमच्या घरात त्या काळातल्या ज्या एकमेव बाईचं नाव लिहून ठेवलेलं आहे, ती व्हिक्टोरिया. तिची नऊच्या नऊ पोरं नावानिशी सापडतात, त्यांची दुखणीसुद्धा.

पुतण्याच्या लेकीने रुपया निरखला. “हीच का खापरपणजी?”

“नाक ते आपलंच शे,” आत्या म्हणाली. “पन कपायले कुंकू नई.”

मी सांगितलं, ही इंग्लंडची राणी, हिचा नवरा अल्बर्ट 1861 सालीच गेला. आत्या जरा हळहळली. मग रीतसर चौकशी सुरू झाली.

“तिनं माहेर कोनतं?”

“इंग्लंड.”

“आनि सासर?”

“तेही इंग्लंडच. नवरा जर्मनीहून येऊन राहिला.”

आत्याने रुपया पुन्हा फडक्यात बांधला.

“म्हंजे घरजवाई व्हता म्हन!”