हसलेला अनारसा

आमच्या लॅपटॉपला एक जावई आहे. वायफायच्या चिपचा ड्रायव्हर. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, सोयरिकीत नावं घ्यायची नसतात.

रविवारी सकाळी पोहे हाणले आणि त्या तंद्रीत लिनक्सचं अपडेट मारलं. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला होता. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि वरच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह गायब. 'नेटवर्क सापडत नाही' वगैरे नाही. वायफाय नावाचा अवयव आपल्याला जन्मापासूनच नाही, असा यंत्राचा चेहरा. भाच्याला फोन लावला.

"मामा, हेडर्स होते का?"

"कसले हेडर्स?"

"नव्या कर्नलचे. त्याशिवाय मॉड्यूल बिल्ड कसं होणार? नेटवरून उतरव."

"नेट नाहीये रे!"

"हां," तो म्हणाला, "ते आहेच."

लिनक्समध्ये ड्रायव्हर दोन प्रकारचे. कर्नलच्या घरात जन्मलेले, आणि बाहेरून आलेले. घरातल्यांची चैन असते. कुणी आतली भिंत पाडली, तर पाडणाऱ्यानेच त्यांची खोली नीट करून द्यायची, असा तिथला रिवाज. बाहेरच्यांना असलं काही नाही. आतल्या भिंती आम्ही वाटेल तेव्हा हलवू, स्थिर ठेवण्याची हमी मिळणार नाही, असं कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या कागदपत्रांत लेखीच देऊन ठेवलंय. त्या फाइलच्या नावातच 'नॉन्सेन्स' हा शब्द आहे. इतके स्पष्टवक्ते सासरे आपल्याकडे मिळायचे नाहीत.

आपल्याकडे धोंड्याचा महिना साधारण तीन वर्षांनी येतो. जावयाला तेहतीस अनारसे आणि वर एक ताट दिलं की पुढच्या अधिकापर्यंत सुटका. कर्नलचा अधिक महिना दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो. सुरक्षेच्या अपडेटचे सणवार वेगळे.

हे अनारसे तळायला एक आचारी ठेवलेला असतो, त्याचं नाव डीकेएमएस. 2003 च्या सुमारास डेल कंपनीत त्याची घडण झाली. नवा कर्नल आला की बाहेरचं मॉड्यूल, म्हणजे जावईच, त्याच्या मापाने आपोआप पुन्हा बांधायचं, एवढंच त्याचं काम, आणि तो ते इमानाने करतो. पण आचाऱ्याला पीठ लागतं. ते पीठ म्हणजे हेडर्स. पीठ नसलं तर तो आरडाओरडा करत नाही. पळत्या ओळींच्या गर्दीत एक ओळ पुटपुटतो आणि निघून जातो. रीस्टार्ट करण्याआधी 'डीकेएमएस स्टेटस' विचारून बघावं, असं जाणते सांगतात. मी पोहे खात होतो.

संध्याकाळी भाच्याला आठवलं की यंत्र सुरू करणाऱ्या ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल शिल्लक असतो. (हे सकाळी का आठवू नये?) जुन्यात शिरलो, वायफाय हजर, हेडर्स उतरवले, आचाऱ्याला पुन्हा चुलीपाशी बसवलं. आता पीठही होतं, तूपही. तरी अनारसा हसला. नव्या कर्नलने एक फंक्शन बदललेलं आणि आमच्या जावयाचा सोर्स मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. कढईत नुसता चुरा, आणि लॉगमध्ये लाल अक्षरांत त्याचं वर्णन.

जावयाची नवी आवृत्ती शोधून काढली, अनारसा एकदाचा जमला, तर गेटवर रखवालदार. सिक्युअर बूट! बाहेरच्या मॉड्यूलवर सही हवी, आणि सहीची किल्ली यंत्राच्या मालकाने स्वतः हजर राहून नोंदवायची. त्यासाठी सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कळ दाबली नाही, तर हे लग्न तुम्हाला मान्य नाही असं समजून तो पुढे निघतो. मी चहा ओतत होतो. मग पहिल्यापासून.

एवढं करून मॉड्यूल आत शिरलं की कर्नल स्वतःला 'टेन्टेड' म्हणवून घेतो. म्हणजे बाटला. बाटलेल्या कर्नलची तक्रार घेऊन गेलात, तर आधी तो पाहुणा बाहेर काढा, मग बोलू, असं ऐकावं लागतं. 1991 साली जन्मलेल्या कर्नलचं हे सोवळं थेट पेशवाईतलं आहे.

बड्या जावयांची गोष्टच निराळी. 2012 साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात खुद्द कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवून एनव्हिडियाचा उद्धार केला होता. दहा वर्षांनी, मे 2022 मध्ये, एनव्हिडियाने आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. रुसलेल्या जावयाने गाठोडं उघडून दाखवलं, वाजंत्री वाजली. पण मॉड्यूल कर्नलच्या घरात राहायला काही आलं नाही, ओसरीवरच आहे. आणि गाठोड्याच्या आतलं गाठोडं, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा ग्राफिक्सचा मोठा भाग, अजून बांधलेलंच. खरं सांगायचं तर मला दोघांचीही बाजू पटते, म्हणून दोघांचाही राग येतो. कर्नलवाले म्हणतात, सोर्स आत आणा, आम्ही सांभाळू. कंपन्या म्हणतात, तुम्ही भिंती हलवणं थांबवा. ताट हातात धरून मधे उभा मी, ज्याला फक्त वीजबिल भरायचं होतं.

परवा भाचा येताना एक यूएसबी वायफाय घेऊन आला. करंगळीच्या पेराएवढं. "मामा, याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे." लावलं आणि चाललं. हेडर्स मागितले नाहीत, किल्ली मागितली नाही, कर्नल बाटला नाही. त्यानंतर मुद्दाम दोनदा अपडेट करून पाहिलं, तरी चालूच. इतकं गुणी कार्टं घरात बघायची सवय नाही, म्हणून रात्री झोपण्याआधी एकदा उठून त्याचा दिवा लुकलुकतोय ना, ते बघून येतो.

जावई आतच आहेत. पाट मांडलेला आहे.